हॅमस्ट्रिंग, सतरावा दिवस आणि पुढच्या रविवारचा उपांत्य सामना: पोराला उतरवायचं का?

मधली_फळी
कोल्हापूर. तालमीच्या फुटबॉल संघाचा उजवा विंगर, वय २१. पळता पळता उजव्या मांडीच्या मागे चमक निघाली, जागीच थांबला, लंगडत बाहेर. आज सतरावा दिवस. सोनोग्राफीत 'ग्रेड २, बायसेप्स फेमोरिस' असं आलंय, म्हणजे हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचे स्नायू) पैकी बाहेरच्या बाजूचा स्नायू अर्धवट फाटलाय. चालताना, जिना चढताना काही नाही. हलकं जॉगिंग करतो, दुखत नाही म्हणतो. संघाच्या सरावात अजून घेतलेला नाही. पुढच्या रविवारी, म्हणजे चोविसाव्या दिवशी, शाहू स्टेडियमवर उपांत्य सामना.

फिजिओ आठवड्यातून दोनदा येतात. जिमची मशीन नाहीत. शंकू, शिट्टी, मोजायची टेप, मोबाईल एवढंच सामान. दोन प्रश्न आहेत. मैदानावर काय काय तपासलं की पोरगा तयार आहे म्हणता येईल? आणि हे ठरवायचं कुणी? पेठेतून रोज दहा जण विचारतायत आणि मुलगा तर बूट घालूनच बसलाय.

स्नायूगणित
उत्तराआधी चार गोष्टी सांगा.

१. दुखणं नेमकं कुठं होतं? बसायच्या हाडापासून किती सेंटीमीटर खाली? हाडाच्या जितकं जवळ, तितका वेळ जास्त लागतो.
२. पळताना झालं की पाय ताणून चेंडू अडवताना? ताणून झालेली इजा पहिल्या आठवड्यात किरकोळ वाटते आणि नंतर महिनोन्‌महिने रेंगाळते.
३. आज बोटानं दाबून दुखतं का? दुखत असेल तर किती सेंटीमीटरच्या पट्ट्यात?
४. याच मांडीला याआधी झालंय का?

आणि 'जॉगिंगला दुखत नाही' हे सध्या बाजूला ठेवा. त्यावरून काही कळत नाही. हॅमस्ट्रिंगवर खरा भार येतो तो पाय हवेतून पुढं येतो आणि टाच टेकायच्या आत नडगीला लगाम घालावा लागतो तेव्हा. स्नायू लांबत असतो आणि त्याच वेळी जोर लावत असतो. पूर्ण वेगाच्या ८० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर जाताना हा भार एकदम चढतो. जॉगिंगमध्ये तो जवळपास नसतोच. ताशी दहा किलोमीटरनं आरामात पळणारा पोरगा अठ्ठावीसच्या वेगात पहिल्याच धावेत बसू शकतो.

मधली_फळी
मांडीच्या साधारण मध्यावर, बाहेरच्या बाजूला. पळतानाच झालं. दाबलं की अजून दोनेक सेंटीमीटरमध्ये दुखतं, पण पहिल्या आठवड्यापेक्षा खूपच कमी. पूर्वी कधी नाही.

उजवी_बगल
एवढं काय त्यात. सुरुवातीला बसवा, शेवटची वीस मिनिटं सोडा. मॅचसारखी दुसरी टेस्ट नाही. विंगर बाकावर बसून उपांत्य सामना हरला तर पेठ कुणाला बोलणार?

स्नायूगणित
काका, वीस मिनिटं म्हणजे सोपी वीस मिनिटं हा मोठा गैरसमज आहे. विंगरला शेवटची वीस मिनिटं उतरवतात ती कशासाठी? समोरचा बॅक दमलाय, त्याच्या मागं चेंडू टाकायचा आणि पोरानं पळायचं. म्हणजे नव्वद मिनिटं खेळणाऱ्यापेक्षा दर मिनिटाला जास्त स्प्रिंट, त्याही बाकावर तासभर बसून थंड झालेल्या पायांवर. इजेतून येणाऱ्यासाठी उलट सुरुवातीची २५-३० मिनिटं बरी. वॉर्मअप नीट होतो, आणि कधी काढायचं तेही आधीच ठरवता येतं.

मॅच ही टेस्ट असेल तर त्यात नापास होणं म्हणजे काय, तेही बघा. २०१४ ची चॅम्पियन्स लीग फायनल, लिस्बन. ॲटलेटिको माद्रिदनं डिएगो कोस्ताला हॅमस्ट्रिंग पुरतं बरं नसताना सुरुवातीपासून उतरवलं. नवव्या मिनिटाला तो बाहेर. तेव्हा बदल तीनच असायचे, त्यातला एक तिथंच खर्च झाला. ९३ व्या मिनिटाला रिअल माद्रिदच्या रामोसनं बरोबरी केली आणि जादा वेळेत रिअलनं ४-१ नं नेलं. एका बदलानंच सामना गेला असं म्हणत नाही, पण जादा वेळेत दमलेले पाय ताजे करायला तो बदल हाताशी असता तर बरं झालं असतं.

उजवी_बगल
बरं, मग मोजायचं कसं ते सांगा. 'बरा झालाय का' विचारलं की पोरगं होयच म्हणणार.

स्नायूगणित
म्हणूनच त्याला विचारायच्या आधी मोजायचं. क्रमानं जा. एक पायरी जमली नाही तर पुढची करायची नाही.

दाबून आणि ताणून. दाबल्यावर दुखणं जवळपास शून्य. पाठीवर झोपवा, मांडी सरळ वर ९० अंशात धरायला लावा, आता गुडघा जमेल तेवढा सरळ. दोन्ही पायांचा मोबाईलवर बाजूनं फोटो काढा, कोनातला फरक लगेच दिसतो. दुखऱ्या पायात आखडल्यासारखं वाटत असेल तर थांबा.

एका पायावर ब्रिज. पाठीवर झोपून ६० सेंटीमीटर उंचीच्या बाकावर टाच, गुडघा किंचित वाकलेला, हात छातीवर, दुसरा पाय हवेत. कंबर पूर्ण वर, खाली टेकवायची आणि लगेच वर. दम संपेपर्यंत मोजा. वीसच्या आत म्हणजे कमकुवत, पंचवीसच्या आसपास ठीक, तीसच्या वर चांगलं. आकड्याइतकाच दोन पायांमधला फरक महत्त्वाचा. आणि पोरं इथं चोरी करतात: कंबर अर्धीच वर नेतात किंवा दुसऱ्या पायानं झटका देतात. अशी उचल मोजू नका.

जोर. फिजिओकडे हातात धरायचं डायनॅमोमीटर (जोर मोजायचं यंत्र) असेल तर उत्तम. नसेल तर सामान तोलायचा लटकता डिजिटल काटा चालतो. बाकावर पालथं झोपवा, घोट्याला पट्टा, पट्ट्याला काटा, काट्याचं दुसरं टोक घोट्याच्या बरोबर खाली जमिनीलगत पक्कं. गुडघा जवळजवळ सरळ ठेवून टाच ढुंगणाकडे ओढायला लावा, तीन सेकंद. प्रत्येक पायाचे तीन प्रयत्न, त्यातला सर्वांत मोठा आकडा धरा. फरक दहा टक्क्यांच्या आत हवा. गुडघा ९० अंशात वाकवून मोजू नका. तिथं दुबळा पायही चांगला आकडा देतो आणि इजा काही त्या कोनात होत नाही.

वेग. हा सगळ्यात महत्त्वाचा आणि हाच सगळे सोडतात. ३० मीटर वेग घ्यायला, पुढचे १० मीटर मोजायचे, त्यापुढं थांबायला निदान २५ मीटर मोकळे. दहा मीटरच्या दोन्ही टोकांना काठ्या रोवा आणि पोराला काठ्यांना जवळजवळ खेटून पळू द्या, नाहीतर तिरक्या नजरेनं मोजमाप चुकतं. मोबाईल स्टँडवर, मधोमध, १५ मीटर लांब, स्लो मोशन २४० फ्रेमवर. कंबर पहिल्या काठीशी आल्यापासून दुसरीशी येईपर्यंतच्या फ्रेम मोजा, २४० नं भागा. १.२० सेकंद म्हणजे ताशी ३० किलोमीटर. त्याच्या नेहमीच्या सर्वोत्तम वेगाच्या ९५ टक्के तरी हवा, आणि एकदाच नाही.

साळकाठ
मडगावहून. वरचं सगळं बरोबर, पण नेहमीचा वेग माहीत असेल तर ना! हंगामाच्या सुरुवातीला पंधरा मिनिटं काढून सगळ्या पोरांच्या ब्रिज आणि दहा मीटरच्या वेळा वहीत लिहिल्या की हा घोळ होत नाही. आता नसेल तर जुन्या सामन्याचं चित्रीकरण शोधा. मैदानावरच मोजपट्टी असते: पेनल्टी एरियाची १६.५ मीटरची रेघ आणि गोल एरियाची ५.५ मीटरची रेघ यांत बरोबर ११ मीटर. विंगर कडेनं आत घुसून गोलरेषेकडे सरळ पळतोय असा तुकडा मिळाला की फ्रेम मोजा. साध्या चित्रीकरणात सेकंदाला ३० फ्रेम असतात, म्हणजे एका फ्रेमची चूक साधारण अडीच टक्के. पोरगा तिरका पळत असेल तर अंतर ११ पेक्षा जास्त भरतं, तेही धरा. तिथं तो पूर्ण वेगात नसण्याची शक्यता आहे, म्हणजे खरा आकडा याहून मोठाच, हे लक्षात ठेवा.

अस्थिबंध
डॉक्टर म्हणून तीन गोष्टी.

सोनोग्राफीतला 'ग्रेड २' म्हणजे कॅलेंडर नाही. फाटलेलं कुठं आहे हे जास्त सांगतं. स्नायूच्या मांसल भागातली इजा लवकर भरते. आतल्या टेंडनपर्यंत (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरापर्यंत) चीर गेली असेल तर वेळ बराच वाढतो. तिसऱ्या आठवड्यातही जोर परत येत नसेल तर एमआरआयचा विचार करा. पण मैदानात सोडायच्या वेळी 'एमआरआय साफ हवा' असा हट्टही धरू नका. एका अभ्यासात पूर्ण बरे होऊन खेळायला लागलेल्या ५३ खेळाडूंपैकी ८९ टक्क्यांच्या एमआरआयमध्ये स्नायूत तोवर डाग दिसतच होता. चित्र उशिरा साफ होतं.

दुसरं, सामन्याआधी डायक्लोफेनॅकचं, म्हणजे दुखणं दाबणारं, इंजेक्शन. अजिबात नको. ताण वाढतोय हे सांगणारी एकच घंटा असते, तीच आपण बंद करतो. वर भर उन्हाळ्यातला दुपारचा सामना, अंगातलं पाणी घटलेलं, अशात हे औषध मूत्रपिंडालाही जड जातं. इंजेक्शनशिवाय खेळता येत नसेल तर तो खेळायला तयार नाही. उत्तर तिथंच मिळालं.

तिसरं थोडं विषयांतर, पण तालमींत हमखास घडतं. मांडीच्या पुढच्या भागाला गुडघा बसून मुका मार लागला आणि दुसऱ्याच दिवशी तेल लावून जोरात रगडलं, तर साकळलेल्या रक्ताच्या जागी हाडासारखा कडक गोळा तयार होऊ शकतो. मग पंधरा दिवसांचं काम काही महिन्यांवर जातं. मुक्या माराला पहिल्या दिवशी गुडघा सहन होईल तितका वाकवून पट्टी बांधायची, बर्फ, आणि मालिश पूर्ण बंद. हॅमस्ट्रिंगलाही पहिले काही दिवस रगडणं नको.

उजवी_बगल
मालिशवाल्यांचा धंदा बसवला की डॉक्टरांनी. पण गोळ्याचं खरं आहे.

मधली_फळी
मोजमाप बुधवारी फिजिओंसमोर करतो. तोवर दुसरा प्रश्न: निर्णय कुणाचा? फिजिओ म्हणतात मी फक्त सल्ला देतो. कोच म्हणतो फिजिओ होय म्हणाले की खेळवतो. मुलगा दोघांनाही सांगतो की माझी जबाबदारी.

साळकाठ
हे त्रांगडं सगळीकडे आहे. कॅनडाचे डॉ. इयान श्रायर यांनी यावर एक चौकट मांडली आहे, तिच्यात तीन प्रश्न वेगळे केलेत. भांडण मिटायला तेवढं पुरतं.

पहिला: स्नायू किती भरलाय? हे फिजिओ किंवा डॉक्टरनं सांगायचं. कोचनं यात तोंड घालायचं नाही.

दुसरा: त्याच्यावर भार किती पडणार? हे कोचला जास्त कळतं. विंगर की सेंटर बॅक, किती मिनिटं, मैदान कडक की ओलं, समोरचा बॅक किती वेगवान. तोच पोरगा गोलकीपर असता तर रविवारचं उत्तर वेगळं असतं.

तिसरा: उरलेला धोका पत्करायचा का? इथं उपांत्य सामना, मुलाचं वय, पुढचा हंगाम, त्याची नोकरी-शिक्षण हे सगळं येतं. हा प्रश्न मुलगा आणि कोच यांनी मिळून सोडवायचा, पण पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मोकळेपणानं समोर ठेवून. चूक होते ती तिसऱ्या प्रश्नाच्या दबावाखाली पहिल्याचं उत्तर बदलतं तेव्हा. 'उपांत्य सामना आहे' म्हणून स्नायू जास्त भरत नाही.

म्हणून अट आजच लिहून काढा, आकड्यांसह, तिघांच्या सह्या घेऊन. बुधवारी आकडे आल्यावर अट ठरवायला बसलात तर आकडा बघून अट वाकेल. आणि शनिवारी संध्याकाळी कट्ट्यावर तर काहीच ठरवू नका.

अस्थिबंध
याला पूरक. युएफाच्या (युरोपच्या फुटबॉल संघटनेच्या) क्लबांमध्ये २००१ पासून इजांची नोंद ठेवतात. २००१-०२ मध्ये एकूण इजांत हॅमस्ट्रिंगचा वाटा १२ टक्के होता, २०२१-२२ पर्यंत तो २४ टक्क्यांवर गेला. त्यातल्या साधारण १८ टक्के इजा पुन्हा त्याच जागी झालेल्या, आणि अशा पुन्हा झालेल्यांपैकी दोन-तृतीयांशाहून जास्त मैदानात परतल्यापासून दोन महिन्यांच्या आत. त्याच नोंदींवरून दुसरं एक गणित निघालं: बरा झाल्यावर पहिल्या सामन्याआधी संघासोबत जितके पूर्ण सराव जास्त, तितका पुन्हा इजेचा धोका कमी, दर सरावामागे अंदाजे सात टक्के. तुमच्या पोराचे किती सराव झालेत? शून्य.

लीड्सकर
धाग्यात घुसतो, माफ करा. गुडघ्याचं एसीएल (आतलं एक लिगामेंट) ऑपरेशन झालं असेल तरी हेच आकडे लावायचे का? आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या संघातला एक जण सहा महिने झाले म्हणून परत येतोय.

अस्थिबंध
नाही, तिथं कॅलेंडरही लागतं आणि आकडेही. नवीन बसवलेल्या लिगामेंटला आतून मुरायला वेळ लागतो, व्यायामानं तो फारसा कमी होत नाही. नॉर्वेतल्या अभ्यासात नवव्या महिन्यापर्यंत परतणं जितके महिने पुढं ढकललं, तितका दर महिन्याला गुडघ्याच्या नव्या इजेचा दर जवळपास निम्मा होत गेला. म्हणजे नऊ महिने ही खालची मर्यादा. शिवाय मांडीच्या पुढच्या स्नायूचा जोर आणि एका पायावरच्या उड्या दुसऱ्या पायाच्या ९० टक्के तरी. त्यातही गोम आहे: नऊ महिन्यांत चांगला पायही सुकलेला असतो, त्यामुळे टक्केवारी खोटी सुंदर दिसते. जुने आकडे असतील तर त्यांच्याशी ताडा.

घाईचं उदाहरण हवं तर रोनाल्डो, ब्राझीलचा. नोव्हेंबर १९९९ मध्ये इटलीच्या इंटर क्लबकडून खेळताना गुडघ्याच्या वाटीखालच्या टेंडनला इजा. १२ एप्रिल २००० ला लाझिओविरुद्ध बदली म्हणून उतरला आणि सहा-सात मिनिटांत तेच टेंडन पूर्ण तुटलं. २००२ च्या विश्वचषकात आठ गोल करायला तो आला खरा, पण मधली जवळजवळ दोन वर्षं गेली. उलट २०२० च्या ऑक्टोबरमध्ये एसीएल गेलेल्या नेदरलँड्सच्या बचावपटू व्हॅन डाइकनं पुढच्या उन्हाळ्यातली युरो स्पर्धा सरळ सोडून दिली.

लीड्सकर
समजलं. त्याला पाठवतो हे. एक भर घालतो: डोक्याला मार असेल तर इथं ब्रिटनमध्ये हौशी खेळासाठी २०२३ पासून नियम साधा आहे. शंका आली की त्याच क्षणी बाहेर, त्या दिवशी परत नाही, आणि स्पर्धात्मक सामना २१ व्या दिवसाच्या आत नाही. तोही आधीचे १४ दिवस आरामात असताना एकही लक्षण नसेल तरच. पोरगा 'मी ठीक आहे' म्हणाला यावर जायचंच नाही. २०१४ च्या विश्वचषक फायनलमध्ये जर्मनीचा क्रामर डोक्याला मार लागूनही पाव तास खेळत राहिला आणि शेवटी पंचांनाच विचारत होता, ही फायनल आहे का म्हणून.

मधली_फळी
बुधवार, विसावा दिवस. अट सोमवारीच लिहून घेतली होती: दाबून दुखणं शून्य, ब्रिजमध्ये फरक दहा टक्क्यांच्या आत, ताकदीतही तेवढाच, वेग ९५ टक्के आणि संघासोबत निदान तीन पूर्ण सराव. आकडे असे:

दाबून: अगदी थोडं, एका बोटाएवढ्या जागेत.
ब्रिज: डावा २९, उजवा १७.
काटा: डावा २६ किलो, उजवा २१.
दहा मीटर: पहिली धाव १.३७, दुसरी १.४३. तिसरी करायला दिली नाही, दुसरीत पावलं लहान टाकत होता.
जुन्या चित्रीकरणात ११ मीटर ४० फ्रेममध्ये मिळाले.

स्नायूगणित
तिसरी धाव थांबवलीत ते बरं केलंत. पावलं लहान होणं म्हणजे पाय पुढं फेकायला शरीर नको म्हणतंय. तसं तर ब्रिज आणि काट्यावरच अडायला हवं होतं, वेगाची पायरी आजच करायची गरज नव्हती.

आता हिशोब. ११ मीटर ४० फ्रेममध्ये म्हणजे १.३३ सेकंद, ताशी २९.७ किलोमीटर. आजचा १.३७ म्हणजे ताशी २६.३. साडेअठ्ठ्याऐंशी टक्के, तेही खालच्या बाजूनं धरलेल्या जुन्या वेगाच्या तुलनेत. ताकद १९ टक्क्यांनी कमी, ब्रिज ४१ टक्क्यांनी. एकही रकाना पास नाही. रविवारी नाही.

आजपासून काय करायचं:

लांबवून जोर देणारे व्यायाम. स्वीडनच्या आस्कलिंग यांचे तीन चांगले आहेत. पाठीवर झोपून मांडी धरून गुडघा हळू सरळ करणं, रोज दोनदा, १२ चे तीन सेट. एका पायावर उभं राहून पुढं झुकणं, दिवसाआड, ६ चे तीन. मोजा घालून गुळगुळीत फरशीवर पाय मागं घसरवत जाणं, दर तिसऱ्या दिवशी, ४ चे तीन. दुखलं की तिथंच थांबायचं, ओढायचं नाही.

पळणं दिवसाआड. उद्या, गुरुवारी, ४० मीटरच्या सहा धावा ७० टक्क्यांनी. शनिवारी सहा धावा ८० नी. सोमवारी चार धावा ८० नी आणि दोन ९० नी. बुधवारी पुन्हा ब्रिज आणि काटा, ते जमले तरच ९५ च्या दोन धावा, मोबाईल लावून. थांबायला सुरुवातीला २५ मीटर द्या, आठवड्यानं १०. पोरं वेग वाढवताना जपतात आणि थांबताना करकचून ब्रेक मारतात, तिथंही मांडी जाते.

उजव्या पायानं लांब क्रॉस मारणं सगळ्यात शेवटी. चेंडू मारल्यावर पाय वर जातो तो ताण स्प्रिंटपेक्षा वेगळा आहे. आधी २० मीटरचे पास, मग ३५ मीटरचे, मग पळत येऊन.

सगळं झाल्यावर एक शेवटची चाचणी, फक्त फिजिओंसमोर: गुडघा पट्टीनं सरळ बांधायचा, पाठीवर झोपून सरळ पाय जमेल तितक्या वेगानं वर, तीनदा. दुखतं का हे विचारू नका. 'भरवसा वाटला का?' विचारा. कचरला तर अजून आठवडा.

नॉर्डिक व्यायाम (गुडघ्यांवर उभं राहून, कुणीतरी घोटे धरून ठेवायचे आणि हळूहळू पुढं झुकत जायचं) तो परतल्यावर सुरू करा आणि सगळ्या संघालाच लावा. पहिल्या आठवड्यात एकदाच, पाचचे दोन सेट, सामन्याच्या आदल्या दोन दिवसांत कधीच नाही. पहिल्यांदा केल्यावर मांड्या अशा भरून येतात की पोरं दुसऱ्या दिवशी जिना उतरत नाहीत.

उजवी_बगल
पटलं. आता एक माझं ऐका. रविवारी त्याला बाकावरही बसवू नका. जर्सी घालून बाकावर दिसला आणि सत्तराव्या मिनिटाला आपण एक गोलनं मागं असलो, तर स्टँडमधनं त्याच्या नावानं जो ओरडा सुरू होईल त्यापुढं कोच टिकणार नाही आणि पोरगंही टिकणार नाही. यादीतच नाव घालू नका.

मधली_फळी
यादी शनिवारी द्यायची आहे. त्याचं नाव नाही. रविवारी तो मोबाईल आणि स्टँड घेऊन १६.५ च्या रेघेसमोर बसेल, बाकीच्या पोरांचे वेग मोजायला.